लाल ज्वारीचे उपकार

गुरुवार, ११ डिसेंबर

डोकं अजून तापलेलं हाय. सुनीलनं आज कंपनीतला अमेरिकन साहेब रानात हुरडा खायला आणला. आणला तर आणला. पण माझ्याकडं बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी बोलला आन् मला म्हणतो, "आई, सांगितलं त्यांना. बहात्तरच्या दुष्काळात तुला अमेरिकेनंच जगवलं." साहेबानं हसून हात जोडले. जसं काय मी आभारच मानले!

जगवलं? आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडून हाताची सालटी निघायची, तवा कुठं रेशनवरची ती अमेरिकेची लाल ज्वारी घरात यायची. भाकरी थापताना चिरायची, चावताना जबडा दुखायचा. तिकडं म्हणे ती गुरांना घालतात. पोटच्या पोराला हे ठाऊक नसावं?

हुरडा चोळून साहेबाच्या हातावर ठेवला आन् म्हटलं, "सुनील, सांग त्यांना. तुमची ज्वारी आम्ही घाम गाळून खाल्ली, फुकट न्हाई. उपकार सांगायला येऊ नका."

सुनील बराच वेळ इंग्रजीत बोलला. साहेबानं मान डोलवली आन् पुन्हा हात जोडले. पुन्हा तेच हसू.

"आई, साहेबांना लई बरं वाटलं."

मी काय बरं वाटायला बोलले होते?