पेनिनाची चटई

२९ जुलै, मंगळवार

नवऱ्याच्या, पेलेनातोच्या मांडीत सळई घातली. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. डॉक्टर म्हणतो, चालतील, पण काठी सुटायची नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस! शनिवारी पहाटे आपल्याच दारातून आपली व्हॅन कोणीतरी काढतंय, म्हणून लुंगीवर बाहेर धावला. आणि तीच व्हॅन मागे घेताना त्याच्या अंगावर घातली!

पोरगी सापडली, दहा मिनिटांवर, व्हॅनमध्ये रडत बसलेली. मोएलांगी. पंधरा वर्षांची. माझ्या नातीच्या, वायोलाच्या वर्गातली. माझ्या हातचा कोकोचा भात दोनदा मागून खाल्लेली! किल्ली कुठे असते ते ठाऊक असणारच. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी!

शेजारीण म्हणते, दोन डोकी दिसली. पोरगी म्हणते, मी एकटीच. खोटारडी मेली.

पेलेनातोला विचारलं, कोण होतं? "अंधार होता, लुपे." एवढं बोलून डोळे मिटून घेतले.

२ ऑगस्ट, शनिवार

आले. उजाडायच्या आधीच आले. कुत्रं भुंकलं म्हणून पडदा सरकवला, तर दारासमोर ओल्या गवतावर सहा जण मान खाली घालून बसलेले. पुढे पेनिना, त्या पोरीची आजी, आणि शेजारी ती. दोघींच्या डोक्यावरून चटई. इफोंगाला आले होते. माफी मागायला! आमची रीतच ती, ज्याचा अपराध केला त्याच्या घरच्यांनी चटई उचलली की माफ केलं, तोवर हलायचं नाही.

वरून पाऊस. बसा म्हटलं. भिजा! मी आठवडाभर इस्पितळाच्या खुर्चीत बसलेय.

वायोला माझ्या मागे उभी. "आजी, उचल ना ती चटई. आजी, प्लीज!" ढसाढसा रडायला लागली. मी म्हटलं, तुझी मैत्रीण आहे म्हणून पुळका येतोय तुला. आजोबांची मांडी आठव.

तासाभराने थोरले दीर आले. घराण्याचे प्रमुख ते. मला एक शब्द न विचारता सरळ गेले नि चटई उचलली.

"भाऊजी, मला विचारलंत?"

"घराणं आहे की पोलीसचौकी, लुपे? त्यांना आत घे. खायला घाल."

मग काय! डबाबंद मांसाचे चार डबे फोडले, तारोचे कंद उकडले, नि ज्यांच्या पोरीने माझा नवरा मोडला त्यांच्या पुढ्यात वाढलं. पेनिनाने चटई रीतीप्रमाणे आमच्या हवाली केली. जुनी, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं. तिच्या आईने विणलेली म्हणे. घरात दुसरी नसावी.

गादीखाली घालून ठेवली. एवढी मऊसूत, पण मेली टोचतेय!

७ ऑगस्ट

वायोला जेवत नाही. आजोबांना भेटायला चल म्हटलं की पोट दुखतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कामावर तोच विषय. पट्ट्यावरून विमानातल्या जेवणाचे ट्रे पुढे सरकतायत आणि सगळ्याजणी न्यायाधीश झाल्यात. कोणी म्हणे, दोन फटके द्या नि सोडा, कोवळं पोर आहे. कोणी म्हणे, कोवळं कसलं, आज व्हॅन, उद्या बँक! माझं मत ठरलंय. आत टाका, सुधारगृहात. सहा महिने दार बंद झालं की अक्कल येते.

संध्याकाळी इस्पितळात पेलेनातोला तेच सांगितलं. ऐकून घेतलं नि म्हणाला, "मी चौदाव्या वर्षी आत होतो."

ठाऊक आहे मला. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, तीनदा बोलला असेल त्याबद्दल.

"तिथे मी काय शिकलो, सांगू? कुलूप उघडायला. आणि झोपेतसुद्धा डोक्यावर हात घ्यायला. सोड त्या पोरीला, लुपे."

खरंय, अजून हात डोक्यावर घेऊन झोपतो. पण तो चुकीच्या काळात सापडला. आता तसं नसतं म्हणे. आणि मुख्य म्हणजे त्याने कोणाची हाडं मोडली नव्हती!

मऊ मनाचा आहे. चीड येते मला.

४ सप्टेंबर, गुरुवार

आज बैठक झाली. दोन्ही घरं, एक पोलीस, आणि बैठक चालवणारी बाई, सरकारचीच पण बोलायला गोड. आधी प्रार्थना, मग बिस्किटं. कोर्टात जाण्यापूर्वी दोन्ही घरांनी मिळून ठरवायचं, पोरीचं काय करायचं ते. पेलेनातोच्या वतीने मी. वायोलाला घरी राहा म्हटलं होतं, हट्टाने आली. माझ्या मागच्या खुर्चीत बसली.

बाईंनी कागद वाचला. मोएलांगी दर शनिवारी आमच्याकडे येईल, गवत कापेल, पेलेनातोची खुर्ची ढकलेल. शाळा सोडणार नाही. रात्री घराबाहेर नाही. बाई म्हणाल्या, "आत गेलेली पोरं बाहेर येतात ती आणखी चार गोष्टी शिकून. इथे तिला दर शनिवारी तिने केलेलं डोळ्यांनी बघावं लागेल. ते सोपं नाही, लुपेबाई."

मी म्हटलं, "मलाही तिला दर शनिवारी बघावं लागेल. त्याचं काय?"

मग पोरीने बोलायचं होतं. कागदावरून वाचायला लागली. म्हटलं, माझ्याकडे बघून बोल! दुसरं कोण होतं गाडीत? तिने मान वर केली. पण नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"कोणी नाही. मीच."

आपला तो बाब्या म्हणतात तसं, पेनिना सुरू झाली. आमची पोर गरीब, आमची पोर चर्चमध्ये गाते. मागच्या वर्षी दुकानात चोरी करताना सापडली होती, ते कोण सांगणार? मीच सांगितलं. आणि म्हटलं, मला कागदबिगद मान्य नाही. आत पाठवा.

भाऊजींनी तोंड फिरवलं. पेनिना उठली, थेट माझ्यासमोर आली. आवाज चढवला नाही.

"चटई तुझ्या घरात आहे, लुपे. मग माझी नात माझ्या घरात का नको?"

चटई मी कुठे उचलली होती? भाऊजींनी उचलली! हे तिथे सुचायला हवं होतं. बसमध्ये सुचलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

घरांचं जमलं नाही, म्हणून न्यायाधीशाने ठरवलं. आधीची चोरी धरली, मी मांडलेलं धरलं. सहा महिने बंद. पोरगी रडली नाही. पेनिना तिचा स्वेटर हातात धरून उभी होती. तो आत नेता येत नाही म्हणे, दोरी आहे त्याला.

घरी येऊन पेलेनातोला फोन केला. जिंकले म्हटलं. फोन नर्सने घेतला. म्हणाली, ते रडतायत.

१९ सप्टेंबर

वायोलाने विचारलं, तिथे दिवा रात्रभर चालू ठेवतात का. मला काय ठाऊक!

५ ऑक्टोबर, रविवार

पेलेनातो घरी आला. चाकाच्या खुर्चीला उंबरठा आडवा येतो, फळी टाकली. हवं तसं झालं ना सगळं? मग मला चैन का नाही? भांडी दोनदा घासते. चर्चमध्ये पेनिना पुढच्या बाकावर असते, मी मागच्या दाराने निघते.

वायोला आजोबांच्या खुर्चीला हात लावत नाही. आणि तो तिच्याकडे असा बघतो! रागावलेला नाही. घाबरलेला.

१२ ऑक्टोबर, पोरांचा रविवार

पांढरे कपडे, पांढरी फुलं. वर्षातला हा एक दिवस पोरं आधी जेवतात आणि मोठे वाढतात. वायोलाचा पांढरा झगा मी तीन दिवस शिवत होते. तिचं बायबलचं वचन पाठ होतं, स्वयंपाकघरात शंभरदा ऐकलंय. नाव पुकारलं, ती उभी राहिली. मोएलांगीची जागा मोकळीच ठेवली होती, बाजूला. वायोला त्या जागेकडे बघत राहिली. मग वचन न म्हणताच बाहेर पळाली.

खोलीचं दार लावून घेतलंय. पेलेनातो म्हणतो, "ती उघडेल. तिला वेळ दे."

दाराबाहेर बसून हे लिहितेय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

गाडी वायोला चालवत होती. रात्री दार उघडून तिनेच सांगितलं. किल्ली हिनेच खुंटीवरून काढली. मोएलांगी शेजारी होती, "थांब, थांब" ओरडत. पोलीस आले तेव्हा ही पळाली, ती नाही पळाली.

पेलेनातोने पहिल्याच क्षणी बघितलं होतं. मागच्या काचेतून, तोंडासमोर. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? अडीच महिने!

म्हणाला, "आपली पोर आत गेली असती, लुपे."

पहाटेचे साडेचार झालेत. भाऊजींना फोन केलाय. गादीखालून चटई काढली. पेनिनाचीच आहे, माझ्याकडे दुसरी नाही. तिच्या दारातून सरळ पोलिसांकडे जायचं.

वायोला बूट घालतेय. बाहेर पाऊस आहे. पेनिनाने चटई उचलली नाही, तरी बसून राहायचं.