एका स्ट्रॉबेरीचं मॉक ड्रिल

८ मार्च, रविवार. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. कारण गंभीर आहे.
बायकोने स्ट्रॉबेरीचा मोठा खोका आणला. सीझन संपत आलाय, आता खाल्ली तर खाल्ली, म्हणाली. मी खुर्ची खिडकीशी सरकवली. घाबरून नव्हे. हवा हवी होती.
पाच वर्षांचा असताना स्ट्रॉबेरी खाऊन माझं तोंड भोपळ्याएवढं सुजलं होतं. लख्ख आठवतं. तेव्हापासून छत्तीस वर्षं मी त्या फळाच्या वाटेला गेलो नाही, मिरचीलाही जाऊ दिलं नाही. मिरची म्हणजे आमची मुलगी, वय आठ. डॉक्टर म्हणाले हिला काही नाही, खुशाल खाऊ द्या. पण डॉक्टरांनी माझं तोंड कुठे पाहिलं होतं!
२१ तारखेला तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस. केक स्ट्रॉबेरीचा. गेल्या वर्षी सगळी पोरं केक खात होती आणि ही कोपऱ्यात बिस्किट घेऊन. घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. आज बायकोने समोर बशी ठेवली तर भिंतीला चिकटली. म्हणाली, आधी बाबाला खाऊ दे.
मी म्हणालो, हात्तिच्या! २१च्या आत खाऊन दाखवतो. कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. माझ्या एका शिट्टीवर चारशे माणसं जिना उतरतात. तिथे एका फळाची काय कथा.
खुर्ची आणखी थोडी सरकवली. हवा कमी पडत असावी.

९ मार्च.
ऑफिसात बसून रिस्क असेसमेंट तयार केलं. तीन पानं. फ्रिजवर अँब्युलन्सचा नंबर चिकटवला. उद्या खाणार.

१० मार्च.
बायकोचं म्हणणं, स्ट्रॉबेरी खायच्या वेळीच धुवायची, आणि आधी धुवायची, मग देठ काढायचं, नाहीतर पाणी आत जातं. अडाणी समजूत. मी अख्ख्या खोक्याची देठं काढली आणि कडक मिठाच्या पाण्यात तीन तास बुडवून ठेवल्या. जंतू मेले. स्ट्रॉबेऱ्याही गेल्या.
बायकोने नवा खोका आणून वरच्या कप्प्यात ठेवलाय आणि मला फ्रिजबंदी केलीय.

१२ मार्च.
स्किन टेस्ट. मनगटावर स्ट्रॉबेरी चोळली. वीस मिनिटांत मनगट लालभडक! बायको म्हणाली, वीस मिनिटं खाजवलंस तर दुसरं काय होणार. अहवाल अनिर्णित.

१४ मार्च, शनिवार.
मॉक ड्रिल. मिरची घड्याळ घेऊन. शिट्टी वाजवली, रिकामा चमचा तोंडात घातला, गिळल्यासारखं केलं. चाळीस सेकंद. उत्तम. मग खरी स्ट्रॉबेरी घेतली, तेवढ्यात कारखान्याचा अर्जंट फोन. (लावला मीच होता. पण उचलला त्यांनी.)
मिरची म्हणाली, बाबा, तुझा फोन तर वाजलाच नाही. मी म्हणालो, सायलेंटवर होता.

१६ मार्च, सोमवार.
मेडिकल हिस्टरी पूर्ण करावी म्हणून आईला फोन केला. ती पोळ्या लाटता लाटता लांबून बोलत होती, नीट ऐकू येईना, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, अरे, तू नाही रे सुजलास, तुझा दादा सुजला होता. तू तर त्याचं तोंड बघून पलंगाखाली शिरलास तो दोन दिवस बाहेर आला नाहीस. आणि दादा आता वाटीवाटीने खातो.
आईचं वय झालं. पलंगाची खालची बाजू मलाही आठवते, पण तो योगायोग.
तरी उद्या नक्की.

१८ मार्च.
उद्या नक्की. आज डोकं दुखत होतं.
खोक्यात सोमवारी सतरा होत्या, आज सहा. फळं फ्रिजमध्ये आकसतात हे माहीत होतं. संख्येनेही आकसतात हे नवीन.

१९ मार्च, गुरुवार.
ऑफिसातून आलो. मिरचीच्या हनुवटीवर लाल चट्टा. ओठांवर लाल. बोटं लाल. रिस्क असेसमेंट, अँब्युलन्सचा नंबर, काही काही आठवलं नाही. तिला उचललं आणि धावत सुटलो. एका पायात बूट, एका पायात बायकोची चप्पल. जिन्यात ती म्हणत होती, बाबा ऐक ना. मी ऐकलं नाही. मी घाबरलो होतो. खरंच. इथे लिहायला हरकत नाही, आयुष्यात एवढा कधी घाबरलो नव्हतो.
डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला, चट्टा पुसला. पुसला गेला! डॉक्टरांनी बोळ्याचा वास घेतला आणि म्हणाले, रस आहे, यंदा गोड दिसतायत.
मिरची जमिनीकडे बघत होती. मागून धापा टाकत आलेली बायकोही.
सोमवारचा आजीचा फोन मिरचीने ऐकला होता. त्याच संध्याकाळी तिच्या आईकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, जाऊन एक खाल्ली, मग दुसरी, आणि रोज. पण आईला बजावून ठेवलं होतं, बाबाला सांगू नको, तो घाबरेल.
घरी येताना मी लंगडत होतो. चप्पल चावली होती.

२१ मार्च, शनिवार. दुपार.
खोक्यात एकच उरली होती. मिरचीने माझ्यासाठी ठेवली होती. वाढदिवसाचा फ्रॉक घालून तिने ती धुतली, मग देठ काढलं, या क्रमाने, आणि माझ्या शेजारी बसून माझा हात धरला. म्हणाली, डोळे मिटलेस तरी चालेल.
अर्धी खाल्ली.
दहा मिनिटं घड्याळ लावून बसलो. काही झालं नाही. आंबट होती. छत्तीस वर्षं ज्याला भ्यालो, ते आंबट निघालं. मला स्ट्रॉबेरी आवडत नाही असं दिसतं.
उरलेली मी खाऊ का, तिने विचारलं. दिली. तिने मिटक्या मारत संपवली आणि केक खायला निघाली. दारातून परत आली, माझी शिट्टी शोधून माझ्या हातात ठेवली. म्हणाली, आई आतच आहे, काही वाटलं तर वाजव.
शिट्टी अजून हातात आहे.