हजार लिटरांची टाकी

दूधविनायक, वाराणसी
२७ सप्टेंबर २०२५

चि. देवश्री हिस आशीर्वाद.

नाशिकहून पाठवलेला तुझा निरोप मिळाला. येथे सर्व ठीक आहे. गंगेचे पाणी उतरले; रामघाटाच्या पायऱ्यांवर गाळ राहिला आहे. हे पत्र मी सांगतो आहे आणि वेदपाठशाळेत शिकवणारा आपला विश्वेश ते लिहून घेतो आहे. ऱ्हस्वदीर्घ मी तपासले आहेत.

तू लिहितेस की, आपल्या माडीवर पाच लिटरच्या बाटलीत उत्तम वाढणारे, पिकांची मुळे राखणारे तुझे जिवाणू तेथील कारखान्याच्या हजार लिटरांच्या टाकीत दुसऱ्यांदा मेले. मध्यभागी उष्णता साचते, हवा पोहोचत नाही. मला हे कळते. पाठशाळेच्या समाराधनेसाठी एकदा एकाच प्रचंड पातेल्यात दही विरजले होते. कडेचे गोड लागले, मधले पार आंबून गेले. पुढच्या वेळी आचाऱ्याने लहान भांडी घेतली. तूही परत येऊन बाटल्याच भराव्यात, असे लिहिण्याचा मोह मला झाला. मुकुल गेल्यापासून या घरात सासरा-सून आपण दोघेच. मोहाचे कारण निराळे सांगायला नको.

परंतु काल पलीकडच्या तीरावरचा शेतकरी रामजतन आला.

"बाबूजी, बहूजी की दवाई से परवल की जड़ नहीं सड़ी. अबकी पूरा गाँव माँग रहा है."

माडीवर चार बाटल्या आहेत, असे मी सांगितले. तो हसला. "चार बोतल में तो हमारे ससुर का खेत नहीं होगा, और माँगेंगे सबसे पहले वही!"

तेव्हा मोह आवरला. आचाऱ्याला एक पंगत उठवायची होती. तुला नदीकाठची गावे पुरवायची आहेत. लहान भांडी हे तुझे उत्तर नव्हे.

निरोपाच्या शेवटी तू विचारतेस, "बाबा, तुमचं खरंच नीट चाललंय ना?" 'होय' असे लिही, म्हणालो, तर विश्वेशने पेन खाली ठेवले.

"काका, हे नाही चालणार. घाटावर गिरलात, ते लिहू की उठू?"

"'पडलात' म्हण," मी म्हणालो, आणि त्याने तेच लिहिले.

असो. उजवे मनगट मोडले आहे. प्लास्टर घातले आहे. विश्वेश रात्री खाली झोपतो. शेजारच्या शरदिनीबाई दोन्ही वेळा डबा पाठवतात. भाजीत मीठ कमी असते. एवढ्यासाठी गाडीत बसू नकोस. टाकी हरली म्हणून आलीस, तर घर तुझेच आहे. माझे मनगट पुढे करून आलीस, तर रामजतनला मी कोणत्या तोंडाने उत्तर देऊ?

'तू येऊ नयेस, असे मला मनापासून वाटते,' हे वाक्य मी आधी सांगितले होते. ते खोडायला लावले आहे. वाक्य निर्दोष होते, खरे नव्हते.

तरीही टाकी तिसऱ्यांदा लाव.

वाट पाहणारा, आणि पाहू शकणारा,
बाबा