अर्ध्या चांदण्यांचा रुमाल

आई, तिनं तुझा अर्धवट राहिलेला रुमाल दोन्ही हातांनी वर धरला आणि म्हणाली, "अरे, यात तर आभाळ अडकलंय!" त्या क्षणी माझं सगळं बदललं. त्याआधी ती कॉलेजातली मैत्रीण होती, बसमध्ये जागा धरणारी, भांडणातून मला कॉलर ओढून बाहेर काढणारी. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तरी फोन करत राहणारी. हो, सोडलं मी. सरांनी भर वर्गात पप्पांचा उद्धार केला, मी बॅग उचलली आणि चालू पडलो. तुझ्या पोराचं डोकं कसं तापतं ते तुला काय सांगायचं. आता चाकणला कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर. पण त्या दुपारी ती आपल्या गच्चीवर उन्हात उभी होती, रुमालाच्या जाळीची सावली तिच्या तोंडावर पडली होती, कपाळावर एक चांदणी, गालावर दोन, आणि मी त्या मोजतच राहिलो.

तुझं माहेर राजगुरुनगरच्या पुढं. तिथं अंगणात बाज टाकली की आभाळ अंगावर येतं, म्हणायचीस. लग्न होऊन इथं आलीस आणि कंपन्यांच्या दिव्यांनी तुझ्या चांदण्या पुसून टाकल्या. मग तू त्या विणायला घेतल्यास. "हितं दिसत न्हाईत, म्हणून इणते. इसराया नको." दुपारची भांडी झाली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसायचीस, पांढरा दोरा बोटाला गुंडाळून, क्रोशाची सुई आत-बाहेर, साखळी, खांब, परत साखळी. नैवेद्याच्या ताटावर झाकायला रुमाल, मधोमध चंद्र, भोवती चांदण्या. मी शाळेतून आल्या आल्या विचारलं होतं, एवढी भोकं कशाला, माशी जाईल की आत. तू सुई थांबवली नाहीस. "आरं, आभाळ इणायचं नसतंय. भोकं नीट राखली की ते आपसूक येतंय." माशीचं उत्तर काही दिलं नाहीस. मी अजून वाट बघतोय.

आणि ती संकष्टी आठवते? पावसाळी ढग, तू दिवसभर उपाशी, आपण तिघं गच्चीवर. समोरच्या धुरकट ढगात पिवळा गोळा दिसला. तू लगेच ताट खाली ठेवलंस, पाणी सोडलंस, डोळे मिटून हात जोडलेस. डोळे उघडतेस तर चंद्र सरसर डावीकडं निघालेला. नव्या बिल्डिंगच्या क्रेनचा दिवा होता तो! पप्पा म्हणाले, "अगं, चंद्राला शिफ्ट बदलून मिळाली वाटतं." आपण तिघं पोट धरून हसलो. पप्पा तसे परत कधी हसलेले मी बघितले नाहीत. पुष्कळ वेळानं खरा चंद्र निघाला, तेव्हा तू दुसरं पाणी सोडलंस. पप्पांनी विचारलं, मग पहिलं वाया गेलं का? "वाया कशापायी? त्यो क्रेनवाला येकलाच बसलाय वर. त्याला पोचलं आसंल." मला तेव्हा ते विनोदी वाटलं होतं. आता कंपनीत शेडच्या छताखाली उभा असतो तेव्हा वाटतं, तुझं आभाळ केवढं मोठं होतं, त्यात क्रेनवालाही मावत होता.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होतो. रुमाल स्टीलच्या डब्यात होता, सुई तशीच टाक्यात अडकवलेली. मी सुई काढून तिथं सेफ्टी पिन लावली, कारण क्रोशाचा शेवटचा टाका उघडा असतो, तो सुटला की मागचं सगळं उसवत येतं, हे तूच सांगितलं होतंस. मग कुणालाच हात लावू दिला नाही. पप्पांनासुद्धा. त्या दुपारी गच्चीवर पहिल्यांदा तिला नुसता बघायला दिला.

परवा तो परत हातात घेऊन ती म्हणाली, "अर्धा का ठेवलायस? दे, मी पुरा करते. आत्यानं शिकवलंय मला." झालं. माझं डोकं फिरलं. "माझ्या आईच्या कामाला हात लावायचा नाही," म्हणून मी तिच्या हातातून हिसकावला. पिन उडाली, दोरा ताणला आणि तुझी शेवटची ओळ माझ्या डोळ्यांसमोर सर्रकन उसवली. वर मीच ओरडलो, "बघ काय केलंस!" ती खाली बसली, सुटलेला टाका चिमटीत धरला, ओढणीची पिन काढून त्यात अडकवली. मग म्हणाली, "मी नाही, तू ओढलास. रविवारी रावेतचा मुलगा मला बघायला येतोय. त्याआधी संकष्टी आहे, आमच्याकडं सगळे चंद्राला गच्चीवर असतात. बाबा पण. यायचं असेल तर रुमाल घेऊन ये. डिग्री नाही हे मी सांगते, तोंडाचं तू बघ."

संकष्टी आज आहे, आई. शिफ्ट करून आलो, अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला. रुमाल समोर आहे. तुझ्या टाक्यात आता तिची पिन आहे आणि मला ती काढावीशी वाटत नाही. इतकी वर्षं मी तुझं काम सांभाळतोय असं समजत होतो. नुसता डबा सांभाळत होतो. ती विणेल, तिच्या हाताचा ताण वेगळा असेल, चांदण्या जरा मोठ्या होतील. होऊ देत. तिचे बाबा काय बोलतील माहीत नाही. डिग्रीवरून बोलतील, पगारावरून बोलतील. मी पप्पांसारखं हसून बघेन. नाही जमलं तर निदान गप्प राहीन. आणि ढगात चंद्र नाहीच दिसला, तर तिच्याकडं चऱ्होलीत क्रेन रग्गड आहेत.

हा कागद डब्यात ठेवतोय, दुसरीकडं कुठं टाकणार? एक सांगायचं राहिलं. आज मीही उपास धरलाय, पहिल्यांदाच. दुपारी कॅन्टीनमध्ये चहाबरोबर एक खारी खाल्ली, तेवढी मोजू नकोस.

तुझी सुई खिशात घेतली. रुमाल घडी न घालता हातावर घेतलाय, पिन वर ठेवून. निघतो. दार ओढून घेतो.