सुनेच्या मेसेजमधले चौकोन

गुरुवार, संध्याकाळ

आज द्वारका चौकातल्या मोबाईलवाल्याकडे जाऊन आले. सुनेचे मेसेज माझ्या फोनवर नुसते चौकोन दिसायचे. ती थायलंडची, तिच्याच भाषेत लिहिते. माझा पोरगा संजू होता तोवर तो फोनवर सांगायचा काय लिहिलंय ते. अपघातात तो तिकडेच गेला, आता सांगणार कोण? मला वाटायचं, घरातला वाटा मागत असेल. चौकोनांना काय उत्तर देणार? दिलंच नाही. पण सोमवारपासून चौकोनही यायचे बंद झाले, तेव्हा जीव खालीवर व्हायला लागला.

"मावशी, फोन रूट केलेला आहे, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडलेलं. बाहेरच्या भाषांचे फॉन्ट, म्हणजे त्यांची अक्षरं, कोणी उडवली?"

"माझ्या पोरानेच. फोनमध्ये जागा होत नव्हती. म्हणे, आई, तुला काय करायच्यात त्या भाषा?"

"थाईचा टाकतो परत. पण फोन बंद पडला तर मला बोलायचं नाही."

"बंद पडला तर तुझं दुकान बंद पाडीन. संजूचे फोटो आहेत त्यात."

त्याने फाईल टाकली, फोन बंद करून चालू केला. चौकोनांची अक्षरं झाली, गोल गोल, वेलीसारखी. मग त्यानेच फोनवर मराठी करून वाचलं. प्रत्येक मेसेजमध्ये एकच. आई, जेवलात का?

वाटा कुठेच नाही. रोज हेच विचारत होती पोरगी, आणि मी...

'जेवले' म्हणून मराठीत लिहून पाठवलं. तिला माझेही चौकोनच दिसतील का? पण आधी पोचायला तर पाहिजे. अजून एकच टिक आहे. भाकरी ताटात तशीच पडलीय.