सत्यभामाबाईंचं पान

सोमवार, १ सप्टेंबर २०२५, हायडेलबर्ग
श्रीकृपेने सगळं सामान पोचलं. भाजणी दोन किलो, मेतकूट अर्धा किलो, कोकमं, पितळी समई (जादा वजनाचे साडेचार हजार घेतले मेल्यांनी) आणि शोभनावन्संनी दिलेली कुलवृत्तांताची फाईल. फ्रँकफर्टहून घरापर्यंत रेल्वे नि ट्राम मिळून सत्तावीस युरो. चारुदत्त म्हणाला, आई, रुपयांत गुणू नकोस, झोप लागणार नाही. गुणलेच. घर छान उजेडाचं आहे. सूनबाई विभावरीने खिडकीत तुळस जगवली आहे. नात अन्वी सहा वर्षांची; मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. मी म्हटलं देवाला नमस्कार कर, तर म्हणते, गेनाऊ! म्हणजे 'अगदी बरोबर'. ह्यांना गुडघ्यामुळे सांगलीतच ठेवून आले, तेवढीच हुरहुर.

शनिवार, ६ सप्टेंबर
फाईल उघडली. आजेसासरे संस्थानचे दिवाण होते. १९११ साली ते पहिल्या पत्नीला, सत्यभामाबाईंना, छातीच्या दुखण्यावर इलाज करायला इकडे घेऊन आले. इथून तासाभरावर डोंगरात आरोग्यधाम होतं. परतले एकटेच. तिसऱ्या महिन्यात दुसरं लग्न. आम्ही सगळे त्या धाकटीचे. कुलवृत्तांतात सत्यभामाबाईंना एकच ओळ आहे: 'जर्मनीत निवर्तल्या, निःसंतान.' वन्संना छापायला तारीख हवी आहे. विभाने तिथल्या दप्तरखान्याला ईमेल केली. म्हणाली, आई, दिवाणसाहेबांनी दुखवटा बोटीवरच उरकला वाटतं! मी दटावलं, पण हसू आलंच.

सोमवार, १५ सप्टेंबर
अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णीचा दिवस. लग्न झाल्यापासून सत्यभामाबाईंच्या नावाने मी सवाष्ण जेवू घालते आहे. सासूबाई घालत, त्यांच्या आधी खुद्द धाकटी घालायची. कायझर्सलाउटर्नहून विभाची मैत्रीण ईप्सिता यायची होती, पण ऐन वेळी तिची गाडी रद्द झाली. सवाष्ण बाहेरची लागते, घरची सून बसवत नाहीत. पण पुरण झालेलं, भात निवत चाललेला. विभाच म्हणाली, मी बसते की, घरबसल्या खण-बांगड्या कोण सोडतं! बसवली. हळदकुंकू लावलं, नाव घेतलं: सत्यभामाबाई, या, जेवा.
पोटभर जेवली. नंतर मात्र बराच वेळ पाटावरून उठेना. हात धुवायला तांब्या मागितला. बेसिन दोन पावलांवर.

मंगळवार, १६ सप्टेंबर
विभाने दिवसभर काही खाल्लं नाही. पोट भरलेलं आहे म्हणते. पुरण जड झालं असेल. ओवा दिला.

बुधवार, १७ सप्टेंबर
आजही नाही. कामावर गेली नाही. डोक्यावरून ओढणी घेऊन खिडकीशी बसली आहे. मला 'धाकट्या बाई' म्हणाली. थट्टा असेल म्हणून मीही 'काय हो थोरल्या' म्हटलं. हसली नाही, माझ्या मंगळसूत्राकडे बघत राहिली. अन्वी तिच्याजवळ जाईना. बापाला जर्मनमध्ये काही विचारलं. त्याने आधी टाळलं, मग सांगितलं: ही बाई कधी जाणार, असं विचारते.

गुरुवार, १८ सप्टेंबर
दप्तरखान्याचं पाकीट आलं. चारुदत्तने वाचून दाखवलं.
सत्यभामाबाई १९११ साली गेल्या नाहीत. ४ नोव्हेंबर १९३८ ला गेल्या. आरोग्यधामातून वेड्यांच्या इस्पितळात, तिथे सव्वीस वर्षं. दिवाणसाहेब पैसे पाठवत होते, म्हणजे त्यांना ठाऊक होतं. बाई सांगलीला घरी पत्रं लिहायच्या, ती दिवाणसाहेबांच्याच हाती पडायची.
नर्सची नोंद आहे. दर वर्षी सप्टेंबरात एक दिवस ताट लोटून द्यायच्या. घरी माझं पान वाढलं, म्हणायच्या. नंतर कित्येक दिवस घास उतरायचा नाही. दर वर्षी थोड्या वाळत गेल्या.
जिवंत बाईला आम्ही पितरांचं जेवण वाढत होतो.

शुक्रवार, १९ सप्टेंबर
सांगलीला फोन केला. रविवारी सर्वपित्री, सगळ्यांची पानं वाढतील. म्हटलं, सत्यभामाबाईंच्या नावाचं वाढू नका, विभा चार दिवस उपाशी आहे. हे म्हणाले, शंभर वर्षांची प्रथा, गुरुजींना यादीही दिली. वन्सं म्हणाल्या, वहिनी, तुम्हाला तिकडची हवा बाधलेली दिसते. आणि तारीख तेवढी पाठवा.

शनिवार, २० सप्टेंबर
विभाला सलाईन लावून आणलं. रिपोर्ट सगळे चांगले, वजन मात्र पाच किलो कमी. डॉक्टरांना कारण सापडत नाही. गाडीत चारुदत्तला विचारत होती, बोट कधी सुटते, अहो न्यायला कधी येणार — चारुदत्त रडला. पेज घेऊन बसले. ओठ घट्ट. मग अगदी शांतपणे म्हणाली, धाकट्या बाई, तुम्ही तिकडे वाढता, मग इथे कशी जेवू?
मी पाय धरले. विभाचे पाय. गार —

रविवार, २१ सप्टेंबर. सकाळचे सव्वानऊ
तिकडे पावणेएक. नैवेद्याची वेळ. फोन कोणी उचलत नाही. वन्संना या पानाचा फोटो पाठवते आहे.
इथे चूल पेटलेली नाही आणि विभाला भाताचा वास येतो आहे. आलं, पान आलं म्हणते — श्वास — चारुदत्त ॲम्ब्युलन्सला —
वन्सं, ही विभावरी आहे. आपली विभा. अन्वीची आई. त्यांच्या नावाचं पान वाढलं असेल तर उचला, आत्ता, गुरुजी काही म्हणोत. नाव खोडा. उचललंत की उलट टपाली कळवा, तोवर मी तिची नाडी धरून —