यादीतली रिकामी ओळ

प्रिय भिंगरी,

फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर नंबरच बदलला असता. पण पत्र तू वाचशील असं वाटलं. लहानपणी गोळीचं वेष्टण, औषधाची बाटली, बसच्या तिकिटाची मागची बाजू, जे छापलेलं हाती लागेल ते तू शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचीस. त्या सवयीच्या भरवशावर लिहायला बसले आहे. दुपारचे तीन वाजलेत. हॉलच्या मागे चेंडूंच्या जाळ्या टांगलेल्या खोलीत बसले आहे. ही सरावाची वेळ, पण कोर्टवर आज एकही चेंडू आपटत नाही. सराव मीच रद्द केला. पोरींना काय सांगायचं ते मला सुचत नाही, हे कारण फळ्यावर लिहिता येत नव्हतं, म्हणून नुसतं 'आज सुट्टी' लिहिलं.

आई बरी आहे. ती तुझ्याशी वेगळी बोलते आणि माझ्याशी वेगळी, मग एकीचं दुसरीला सांगताना मधलं गाळते. तू शिकवतेस त्या शाळेतल्या पोरी तुला घाबरतात आणि सुट्टीत तुझ्याच मागे फिरतात, एवढं मात्र तिने गाळलं नाही. ऐकून मला हसू आलं. नंतर बराच वेळ काहीच करावंसं वाटेना.

आमच्या संघाचं तुझ्या कानावर आलंच असेल. गेल्या हंगामात चार सामने जिंकलो. या हंगामात पहिले बावीसच्या बावीस सामने हरलो. 'पुनर्बांधणी' हा शब्द अध्यक्षांनी बैठकीत पहिल्यांदा काढला, तेव्हा मला तो फार आवडला होता, हे आज कबूल करते. जुनं उतरवायचं, कोवळ्या पोरी घ्यायच्या, दोन-तीन वर्षं मार खायचा आणि मग सगळ्यांच्या डोक्यावर बसायचं. स्पर्धेचा नियम तुला माहीतच आहे: जो संघ तळाला, त्याला पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंमधून पहिली निवड. म्हणजे हरण्यातही फायदाच. कागदावर हे इतकं सरळ दिसत होतं की कुणी शंका काढली असती तर मीच त्याला वेड्यात काढलं असतं. तुम्ही चौघी जुन्या खेळाडू गेलात आणि संघाचं सरासरी वय वीस झालं. अध्यक्ष तो आकडा सगळ्यांना सांगत फिरायचे. त्यांचं काय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. शेळ्यांमध्ये मी होते.

पोरी वाईट नाहीत गं. तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त पळतात, उंच उडी मारतात, सांगितलेलं सगळं करतात. आणि तिथेच घोडं अडतं. महिन्याभरापूर्वीचा एक सामना सांगते. चार मिनिटं उरली होती आणि आम्ही अकरा गुणांनी पुढे होतो. समोरच्यांनी लागोपाठ दोन बास्केट केल्या, आणि आमच्या पाचही जणींनी एकदम मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेंडू खेळात होता, भिंगरी, आणि पाचही चेहरे बाकाकडे! चेंडू कुणालाच नको होता. अशा वेळी तू काय करायचीस ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट आठवलं. तू चेंडू हातात घेऊन चालायला लागायचीस. पंचांना काहीतरी गोड विचारायचीस. एखादीच्या दंडाला धरून 'अगं, श्वास घे, पळून कुठे जातोय सामना' म्हणायचीस. बाकावरून मला ते उगाच वेळकाढूपणासारखं दिसायचं. तो सामना आम्ही सहा गुणांनी हरलो. कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या टॉवेलात तोंड खुपसून बसल्या होत्या. हरल्यानंतरचा पहिला शब्द कुणी काढायचा, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मी आत गेले की सगळ्या उभ्या राहतात. तुझ्यासाठी कुणी कधी उभं राहिलं नाही, सरकून जागा करून द्यायच्या. वासरांत लंगडी गाय शहाणी, असं तू स्वतःबद्दल म्हणायचीस. आमच्याकडे तेवढीसुद्धा गाय उरली नव्हती.

यातल्या एका पोरीबद्दल तुला सांगायचं आहे. तू गेल्यावर ती आली, त्यामुळे तू तिला ओळखत नाहीस. एकोणीस वर्षांची, सहा फूट दोन इंच. सगळ्या तिला शिडी म्हणतात आणि तीही फोनवर 'हॅलो, शिडी बोलतेय' असंच सांगते. घरी आजोबा आणि एक मावशी, बाकी कुणी नाही. अशी खेळाडू मला वीस वर्षांत मिळाली नव्हती. बोर्डावरून परत आलेला चेंडू तिच्या हातात असा येतो, जणू घरी परतलाय. सरावाला सगळ्यांत आधी येते आणि सगळ्यांत शेवटी जाते. चुकली तर स्वतःलाच शिव्या घालते, पण त्या शिव्याही 'अगं भोपळ्या' एवढ्याच.

आता जे लिहिते आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तेविसाव्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात ती हॉलचा जिना उतरताना मला दिसली. कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी. आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा. मी खाली उभी होते. विचारलं, काय झालं. ती म्हणाली, 'काही नाही मॅडम, काल जरा जास्त पळाले.' गुडघ्यावर तिने जाड पट्टा चढवला होता. तो पट्टा काढ आणि दाखव, एवढंच मला म्हणायचं होतं. माझ्या तोंडात शब्द आलाही होता. पण येणारा सामना आम्ही जिंकू शकू असा होता, आणि मला एक तरी जिंकायचाच होता. मी म्हटलं, 'बर्फ लाव.' आणि निघून गेले. नंतर कळलं की तिचा गुडघा तीन आठवडे सुजत होता आणि बाकीच्या सगळ्यांना ते माहीत होतं. रोज एक जण तिला पट्टा बांधून द्यायची. ही लपवायची गोष्ट नाही, हे त्यांना कोण सांगणार? त्यांना वाटलं, मोठ्या खेळाडू असंच करत असतील. मोठी खेळाडू त्यांनी जवळून पाहिली होती कुठे?

त्या सामन्यात शेवटची चाळीस सेकंदं उरली होती आणि आम्ही एका गुणाने पुढे होतो. माझ्याकडे एक टाइम-आउट शिल्लक होता. शिडी लंगडत होती. सगळ्या हॉलला दिसत होतं. मी तिला बाहेर काढलं नाही. समोरच्या पोरीचा नेम चुकला, चेंडू कडीवर आपटून वर उडाला आणि शिडीने उडी मारून तो सगळ्यांच्या डोक्यावरून काढला. उतरताना पाय टेकला आणि गुडघा आत वळला. तो आवाज मी बाकावर ऐकला. ती ओरडली नाही. मी धावत गेले तेव्हा चेंडू पोटाशी धरून ती आडवी पडली होती आणि मला म्हणाली, 'चेंडू आपलाच ना, मॅडम?' मी म्हटलं, हो बाळा, आपलाच. आम्ही जिंकलो, भिंगरी. तेवीस सामन्यांत पहिल्यांदा जिंकलो, आणि एकाही पोरीने हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. आधी त्यांनी शिडीची चौकशी केली, खोटं कशाला बोलू. मग म्हणाले, 'मॅडम, पण जिंकायची एवढी काय घाई होती? आता तळाचं स्थान जाईल ना हातचं.' माझ्या अंगाची आग आग झाली, पण बोलणार कोणत्या तोंडाने? त्यांना हरायचं होतं म्हणून ती कोर्टवर नको होती, मला जिंकायचं होतं म्हणून मी तिला मोडली. दोघांत डावं-उजवं काय करायचं?

सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडता आलं असतं तर बरं झालं असतं. गेलं दीड वर्ष मी तेच करत आले आहे. तुला मी सांगितलं होतं की यादी वरून आली, माझा इलाज नव्हता. आईलाही तेच सांगितलं. ते खरं नव्हतं. वरून आलेल्या कागदावर तिशीच्या पुढच्या सगळ्यांची नावं होती, हे खरं. पण त्याखाली एक ओळ मोकळी सोडली होती. अध्यक्ष म्हणाले होते, 'एक अनुभवी मुलगी ठेवा, पोरींना सांभाळायला. कुठली ते तुम्हीच ठरवा.' तो कागद दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होता. तुझं नाव लिहायला किती वेळ लागतो? मी ती ओळ रिकामीच ठेवून कागद परत दिला. म्हटलं, एकही नको, पाडायचं तर पुरतं पाडू. लोक म्हणतील बहिणीला चिकटवून ठेवलं, अशी माझ्या मनाची मी समजूत घातली होती. तेही खरं नव्हतं. खरं एवढंच, की टाइम-आउटमध्ये मी बोलत असताना पोरी माझ्याकडे बघून माना डोलवायच्या आणि मग हळूच तुझ्याकडे बघायच्या. तू पापणी हलवलीस की निघायच्या. दहा वर्षं मी ते पाहिलं. आपल्याच धाकट्या बहिणीला मी पाण्यात पाहत होते, भिंगरी. मला असा संघ हवा होता, जो फक्त माझ्याकडे बघेल. तो मला मिळाला. त्या अकरा गुणांच्या सामन्यात पाचही जणी माझ्याकडेच बघत होत्या.

तू या दाराने पिशवी घेऊन गेलीस तेव्हा मी आत बसून सरावाचं वेळापत्रक लिहीत होते. खरं म्हणजे नुसत्या रेघा ओढत होते. तू दारात थांबलीस तेही मला कळलं होतं. मी मान वर केली नाही.

माफीसाठी हे पत्र लिहिलेलं नाही. माफी मागायला मी तुझ्या दारात येईन. तू दार उघडशील किंवा नाही उघडणार, ते मी सोसेन. पत्र लिहायचं कारण शिडी आहे. तिच्या ऑपरेशनला आज नऊ दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, काम चांगलं झालंय. पण ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे आणि गुडघा वाकवू देत नाही. व्यायाम करून घेणारी बाई रोज येते, हात लावला की ही किंचाळते, आजोबा बाहेर जाऊन रडतात. ती बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, अजून आठवडाभर असंच चाललं तर पाय आखडेल; खेळायचं सोडा, जिना चढणंसुद्धा कठीण होईल. पोरी भेटायला जातात, पलंगाभोवती उभ्या राहतात आणि काही न बोलता परत येतात. मी तिला समजावलं, रागावले, हातही जोडले. ती एकच वाक्य बोलली, 'मॅडम, तुम्हाला कसं कळणार?' तिचं बरोबर आहे. माझ्या गुडघ्याला आयुष्यात कधी साधं खरचटलंही नाही. या अख्ख्या संघात कशातूनही परत आलेलं एकही माणूस नाही. बाविसाव्या वर्षी तुझा हाच गुडघा असाच गेला होता. पहिल्यांदा वाकवताना तू माझ्या मनगटाला चावली होतीस आणि अकरा महिन्यांनी कोर्टवर उतरली होतीस. तिला ते तुझ्या तोंडून ऐकायला हवं, तुझ्या गुडघ्यावरची टाक्यांची खूण बघायला हवी, तिच्यावर बोट फिरवून बघायला हवं. स्टेशनसमोरचं मोठं इस्पितळ, दुसरा मजला, खिडकीजवळचा पलंग. भेटायची वेळ चार ते सहा. तू ज्या दिवशी येशील त्या दिवशी मी तिथे फिरकणार नाही, आईकडून नुसता निरोप दे. माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. तिच्याशी बोल.

तुझीच, तू अजून म्हणू देत असशील तर,
ताई